माहितीदार क्रमांक अकरा

महाडच्या बाजारपेठेत मला बेंजोवाला म्हणतात. मी बेंजो वाजवत नाही, आमच्या बँडमध्ये बेंजो नाही, आणि हे मी लोकांना तीन-चारदा नीट समजावूनही सांगितलं आहे. पण गावाने एकदा नाव ठेवलं की ते गॅझेटमध्ये बदलून आणलं तरी उपयोग नसतो. घराखालच्या गाळ्यात पूर्वी मामाचं सायकल दुकान होतं, तिथे आम्ही सराव करतो. समोरचा सलूनवाला शटर उघडलं की विचारतो, "दादा, आज लगीन कुठं?" मी सांगतो, लग्न नाही रे, सराव आहे. तो म्हणतो, "हां, मग लगीन कवा?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमचा स्वतंत्र बँड आहे. म्हणजे आमची गाणी सिनेमातली नसतात, मागे कुठली कंपनी नसते आणि पुढे बऱ्याचदा श्रोतेही नसतात. नाव आहे 'आवण'. आवण म्हणजे लावणीआधी तयार केलेली भाताची रोपं. एका जागी उगवायची, उपटून दुसऱ्या जागी लावायची. हे नाव का ठेवलं यावर माझं वीस मिनिटांचं भाषण तयार आहे, पण ते ऐकायला आजवर कुणी बसलेलं नाही. आम्ही पाच जण आहोत. सलीमचं हायवेवर बॅटऱ्यांचं दुकान आहे, तो ढोलकीपासून ड्रमपर्यंत जे बडवता येईल ते बडवतो. मृणाल दातांची डॉक्टर, ती गाते आणि गिटार वाजवते. उरलेल्या दोघांपैकी एक पोलादपूरला कॉलेजात शिकवतो आणि दुसरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, म्हणून आमचा सराव त्याच्या पाळीप्रमाणे चालतो. मी पेटी वाजवतो आणि विचार करतो. विचार हे वाद्य बँडमध्ये मी एकटाच वाजवतो, आणि बाकीचे चौघे ते कधी थांबतंय याची वाट बघत बसतात.

आमच्या कामाची पद्धत अशी की गाणं कुणा एकाने करायचं नाही. कुणी ओळ आणतो, कुणी ताल आणतो, मग भांडण होतं, आणि भांडणात जे शाबूत राहतं ते गाणं. खाली नाव फक्त बँडचं. हा नियम माझा. 'मी' नावाची गोष्ट संगीतातून काढून टाकली पाहिजे असं मी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. सलीम तेव्हा म्हणाला होता, "चालेल, पण दादा, दर वाक्यात 'मी' तर तुम्हीच म्हणताय."

पहिल्या वर्षी पाचाडच्या एका खानावळवाल्याने आम्हाला मुलाच्या हळदीला बोलावलं. मी त्याला आधीच सांगितलं की आम्ही वेगळं वाजवतो. तो म्हणाला, वेगळंच पाहिजे, नेहमीचं ऐकून कंटाळलो. आम्ही चौदा मिनिटांची एक रचना वाजवली. तिच्यात पश्चिम आफ्रिकेतला एक ताल होता, आसामातली एक लकेर होती आणि मधे बरीचशी शांतता होती. ती संपली, आम्ही माना झुकवल्या. नवऱ्याचा मामा पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "जुळवाजुळव झाली असंल तर करा आता सुरू." मग सलीमने लाज राखली. दोन तास तो एकटा वाजवत होता आणि मांडव नाचत होता. मी पेटीवर सूर धरून बसलो होतो. तो कुणाला ऐकू येत नव्हता.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं कुठून, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, वास्तुशांतीऐवजी होणाऱ्या वंदनेनंतर ही पार्टी बसायची. वडील पेटीवर, मी शेजारी झांजा घेऊन. आमच्या गाण्यांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफलेलं असतं. ते कडवं येईपर्यंत पोरांना झोप आलेली असायची, मी एकदा ते गाळून मोकळा झालो. वडिलांनी पेटीचा भाता बंद केला. लोकांसमोर मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पहिल्यापासून." सगळं गाणं पुन्हा, पहिल्या ओळीपासून. घरी आल्यावर म्हणाले, "शेवटचं कडवं गाळलंस की गाणं चोरीचं होतं, मिलिंद. ज्याचं नाव आजवर कुणी घेतलं नाही, त्याने ते स्वतः लिहून ठेवलंय तिथे." मी मान हलवली. मान हलवण्यात मी लहानपणापासून हुशार.

पुढे पुण्याला जाऊन मी मानववंशशास्त्र घेतलं. वडिलांनी विचारलं, म्हणजे काय शिकवतात? मी म्हटलं, माणसं कशी राहतात, काय खातात, कुणाशी लग्नं करतात, काय गातात, याचा अभ्यास. ते म्हणाले, "हा तर तुझी आई ओट्यावर बसून रोज करते." आईला त्यासाठी कुणी शिष्यवृत्ती दिली नाही, मला मिळाली. मी आसामात फिरलो, बस्तरला राहिलो, पश्चिम आफ्रिकेत सहा महिने काढले. तिथे एक म्हातारा वादक एकवीस तारांचं वाद्य वाजवायचा. मी शिकायला गेलो तर म्हणाला, आधी बापाचं नाव सांग, मग आज्याचं. मी सांगितली. त्याने माझ्या वडिलांचं आणि आज्याचं नाव गुंफून तासभर गाणं म्हटलं. मला रडू आलं. डोळे पुसून मी वहीत लिहिलं, 'नामोच्चाराचे सामाजिक कार्य', आणि खाली दोन रेघा मारल्या. एवढं सांगूनही ज्याला कळत नाही, त्याला आमच्याकडे शिकलेला म्हणतात.

आता कुडपण. पंचवीसएक वर्षांपूर्वी प्रबंधासाठी मी पोलादपूर तालुक्यातली भातलावणीची गाणी गोळा करत होतो. कुडपण डोंगरावर सपाटीला आहे, तेव्हा बरीचशी चढण पायी होती. पहिल्यांदा गेलो तो एप्रिलमध्ये, टेप घेऊन. एका बाईला म्हटलं, लावणीचं गाणं म्हणा. ती म्हणाली, "उनाळ्यात? लोकं हसतील मला. शेत कुठाय?" मी म्हटलं, शेत नसलं तरी चालेल. ती म्हणाली, "तुला चालल. गान्याला नाय चालत." आणि आत निघून गेली.

तिचं म्हणणं मला आषाढात पुन्हा गेल्यावर समजलं. लावणीच्या वेळी बायका खाचरात ओणव्याने रांग धरतात आणि रोपं खोचत मागे मागे सरकतात. एक म्हणते, बाकीच्या तीच ओळ उचलतात. हात गाण्यावर चालतात आणि गाणं चिखलावर. चिखल खोल असला की गाणं संथ होतं. खाचर संपलं की गाणं संपतं. मी बांधावर छत्री धरून, टेप मांडीवर घेऊन बसलो होतो. तीच बाई रांगेतून ओरडली, "ए पँटवाल्या, बसलायस तर रोपांच्या मुठी तरी फेक." मी उठलो, मूठ फेकली, आणि मुठीमागोमाग स्वतः खाचरात गेलो. बायका इतक्या हसल्या की गाणं थांबलं. टेप मात्र बांधावर राहिला आणि वाचला. मग त्या बाईने एक गाणं म्हटलं, ते मी वहीत उतरवून घेतलं.

घाटात दाटलं धुकं गो, वाट दिसंना मला,
पल्याड गेली सई गो, हाळी घालू कुनाला.

या दोन ओळींवर मी अकरा पानं लिहिली. घाट म्हणजे जन्म-मरणातला उंबरठा, धुकं म्हणजे अज्ञान, सई म्हणजे हरवलेला आत्मा. प्रबंध शेवटपर्यंत पुरा झाला नाही, पण त्यातला एक निबंध छापून आला. विषय होता, 'सामूहिक रचनेत कर्त्याचा लोप'. कर्ता लोप पावला म्हणजे काय झालं होतं, तर मी त्याला विचारलं नव्हतं.

बँड सुरू झाल्यावर काही वर्षांनी हे गाणं मी काढलं. मृणालने असं गायलं की सलीमसुद्धा दोन मिनिटं गप्प बसला. आम्ही ते इंटरनेटवर टाकलं, खाली लिहिलं, 'गीत : पारंपरिक'. आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचं काहीतरी लोकांनी ऐकलं. पोलादपूरच्या रिक्षांत वाजायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईहून एका मोठ्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. सलूनवाल्याने विचारलं, "दादा, हे तुमचंच? मग इतके दिवस काय वाजवत होता?"

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी दोन बायका 'बेंजोवाला कुठं राहतो' असं विचारत गाळ्यात आल्या. एक साठीच्या पुढची, काटक, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून काळा चष्मा. दुसरी तिची सून. थोरलीने चष्मा वर करून मला आपादमस्तक बघितलं.

"पँटवाला तूच काय रे? खाचरात पडलावतास तो?"

मी ओळखलं. नाव आठवेना. आठवणार कुठून, मी ते कधी विचारलंच नव्हतं.

"मी हौसा. कुडपनची. ही माझी सून सुरेखा, मुंबैत वाढलेली हाय. तीच सांगल तुला."

सुरेखाने मोबाईल काढून आमचं गाणं लावलं. "काका, हे आई बोलतात की त्यांनी केलंय. लावणीच्या टायमाला त्यांनी हे सुरू केलं की सगळ्या हसतात. बोलतात, हौसाआत्ती मोबाईलमधलं गाणं उचलते आणि माझं म्हणून सांगते. मलापण खरं सांगू काय, डाउट आला. ह्यात नाव कोणाचंच नाही, पारंपरिक लिहिलंय."

"म्हंजे कुनाचंच नाय, असंच ना?" हौसामावशी म्हणाली.

मी घसा साफ केला. म्हटलं, मावशी, पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही असं नव्हे. सगळ्यांचं. समूहाचं.

"सगळ्यांचं कसं? सगळ्या हुत्या कुठं तवा? तुळशी माझी मैतरीन. तिला घाटापल्याड मेढ्याला दिली. म्हायेरास्नं परत निघाली ती दिसंनाशी झाली, धुकं हुतं, मी बांधावर उभी राहून रडले. दुसऱ्या दिशी खाचरात ते माझ्या तोंडातनं आलं. तवा समूह नवता तितं, मी हुते."

"तुळशी... म्हणजे सई ही खरी बाई होती? मी समजत होतो की ती वारली, म्हणजे मृत्यूचं..."

"मेली? कोन म्हनलं मेली? चांगली हाय मेढ्याला. सुनंशी भांडती रोज."

माझी अकरा पानं त्या क्षणी मेढ्याला जाऊन भांडायला लागली.

मावशी पुढे सरकली. आवाज एकदम खाली आला. "हे बघ बाबा. मला बाकी कायबी नको. चाळीस वरसं मी गानी म्हनली, कुनी खोटी म्हनली नाय. आता माझ्याच खाचरात पोरीबाळी मला चोर म्हनतात. तू लिवून घेतलंवतंस ना वहीत? ती वही घेऊन लावनीला ये वर, आन दाव ह्यांना. तुझ्या वहीत असल ते खरं मानतील."

वाचकहो, वही माझ्या डोक्यावर होती. अक्षरशः. गाळ्याच्या माळ्यावर, ट्रंकेत. आणि तिच्यात काय लिहिलंय ते मला चांगलं माहीत होतं. त्या काळी आम्ही माणसांची नावं लिहीत नसू. ज्याच्याकडून माहिती घ्यायची तो माहितीदार, आणि त्याला क्रमांक. गुप्तता राखायची अशी शिकवण होती. पण गाणं छापताना राखायची ती गुप्तता कसली, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ती वही उघडून मी या बाईला काय दाखवणार होतो?

मी म्हटलं, "मावशी, वही पुरात गेली."

महाडात कुठलीही न सापडणारी वस्तू पुरात गेलेली असते. कुणाची पावती, कुणाची पत्रिका, कुणाचं उसनं आणलेलं पुस्तक. सावित्री नदीने खरोखर जेवढं नेलं त्याच्या दुप्पट आम्ही तिच्या नावावर खपवलंय. माझ्या टेप खरंच गेल्या होत्या, त्या खाली होत्या. त्या खऱ्याच्या आधाराने मी हे खोटं उभं केलं.

हौसामावशीने माझ्या हातावर हात ठेवला. "पान्याफुडं कुनाचं काय चालतं. तुमची घरंदारं गेली, तितं वहीचं काय घेऊन बसायचं." पिशवीतून तिने नाचणीच्या पापडांची चवड काढली. सुनेने नेत्रालयातल्या डॉक्टरांसाठी आणली होती म्हणे. ती मला दिली, पूरग्रस्त म्हणून. आणि दोघी एसटी गाठायला निघून गेल्या.

ते पापड दोन दिवस माझ्या घशाखाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी उतरले. चांगले होते.

सलीम सगळं कोपऱ्यात बसून ऐकत होता. पापड तळले त्या दिवशी तो बोलला. "दादा, पुराच्या आदल्या दिवशी तुमच्या वह्यांच्या ट्रंका मी चढवल्या माळ्यावर. माझी कंबर अजून धरते. त्या बाईला तुम्ही तोंडावर फसवलंत."

"नाव नाही रे वहीत. दाखवून उपयोग काय?"

"ते तिला ठरवू द्या ना."

मी म्हटलं, तुला यातलं शास्त्र कळत नाही. सलीम म्हणाला, शास्त्र नाही कळत, पण चोरीची बॅटरी कुणी विकायला आणली की कळतं. आणि पापड न घेता उठून गेला. सलीम तळलेली वस्तू ठेवून जातो याचा अर्थ मामला गंभीर आहे हे मला समजलं.

मी शिडी लावली. ट्रंकेत वही कोरडी ठणठणीत होती. पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'माहितीदार क्र. ११. स्त्री. वय अंदाजे ५०. निरक्षर. स्वभाव तुसडा. संशोधकास मुठी फेकावयास लावते. आज तिच्यामुळे खाचरात पडलो.' खाली गाणं. माझ्या पडण्याची नोंद तीन ओळींत होती. तिच्या नावाला वहीत अर्धी ओळही मिळाली नव्हती. मला पेटीचा भाता बंद झाल्याचा आवाज आठवला. ज्या घरात शेवटचं कडवं गाळलं तर सगळं गाणं पुन्हा म्हणावं लागायचं, त्या घरातला मी पोरगा. वडील असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. एकच शब्द म्हणाले असते.

लावणी लागली तसे आम्ही कुडपणला गेलो, मी, सलीम आणि मृणाल. आता वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे चढण्याचं प्रायश्चित्तही मिळालं नाही. खाचरात पंधरा-सोळा बायका ओणव्या होत्या, हौसामावशी रांगेच्या टोकाला, सुरेखा शेजारी. मी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन बांधावर उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं. "भगिनींनो," अशी सुरुवात केली. एकीनेही मान वर केली नाही. लावणीला उघडीप मिळालेली असताना बेंजोवाल्याचं भाषण ऐकायला कोण थांबणार?

"बोलायचं असल तर खाली उतर," मावशी खालूनच म्हणाली. "बांधावरनं बोलतो तो मुकादम."

मी पँट वर करून उतरलो. या वेळी पडलो नाही. पडलो असतो तर बरं झालं असतं, निदान पुढचं जरा लांबलं असतं. मी वही उघडली आणि जे लिहिलं होतं ते सगळं वाचलं. क्रमांक अकरा. वय अंदाजे पन्नास.

"पन्नास?" मावशी उभी राहिली. "मी अडतीसची हुते रे तवा."

"स्वभाव तुसडा," मी पुढे वाचलं. सुरेखाने तोंडाला पदर लावला. 'आज तिच्यामुळे खाचरात पडलो' इथे आल्यावर रांगेतली एक वयस्क बाई एकदम म्हणाली, "अगो, पडलावता तो ह्योच! मी हुते की तितं. हौसानं हेच गानं म्हनलंवतं त्या दिशी." दुसरीलाही आठवलं. माझं पडणं सगळ्यांच्या ध्यानात होतं, आणि पडण्याला जोडून ते गाणंही. नावाऐवजी माझी फजिती पुरावा म्हणून उभी राहिली. सुरेखाने सासूकडे बघितलं आणि नुसतं "आई" म्हणाली.

इथे मी थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण मावशी वहीकडे बघत होती.

"पुरात गेलीवती ना ही?"

"गेली नव्हती मावशी. माळ्यावर होती. मी खोटं बोललो."

हसणं थांबलं. "का?"

"लाज वाटली. नाव लिहिलं नव्हतं तुमचं."

ती ओणवी झाली आणि लावायला लागली. बाकीच्याही लागल्या. मी वही सलीमकडे दिली, एक मूठ घेतली आणि रांगेत उभा राहिलो. अर्धं खाचर होईपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. मी लावलेली रोपं तिरकी होऊन तरंगायला लागायची आणि सुरेखा ती मुकाट्याने पुन्हा खोचायची. मला वाटलं, संपलं. गाणंही गेलं आणि माणूसही.

मग मावशीने गाणं सुरू केलं. घाटात दाटलं धुकं गो. बायकांनी ओळ उचलली. खाचर अजून उरलं होतं आणि गाणं संपत आलं होतं, तेव्हा तिने माझ्याकडे न बघता पुढे नवं जोडलं.

अकरा लंबर लिवला गो, नाव लिवलं नाय,
हौसा माझं नाव गो, कुडपन माझं गाव हाय.
मिलिंदानं सांगितलं, वही पुरात गेली,
माळ्यावरच्या टरंकेत कोरडी ती निगाली.

रीत अशी की पहिलीने म्हटलेली ओळ सगळ्यांनी म्हणायची. पंधरा-सोळा बायका चिखलात मागे सरकत म्हणत होत्या, हौसा माझं नाव गो. तिला चोर म्हणणाऱ्याही त्यात होत्या. सुरेखाचा आवाज सगळ्यात वर होता. पुढच्या दोन ओळी तर त्यांनी फारच आवडीने उचलल्या. त्या तीनदा म्हणून झाल्या. मीही म्हटल्या, रांगेत होतो, सुटका नव्हती. मृणाल बांधावर उभी राहून रडत होती आणि हसत होती, आणि सलीम गाडीच्या टपावर ताल धरून बसला होता.

पुढे मावशी महाडला येऊन ते गाणं आमच्याबरोबर गायली. रेकॉर्डिंगला कानात टिकटिक लावतात, सगळ्यांनी त्या टिकटिकीबरोबर चालायचं असतं. तिने हेडफोन काढून ठेवला आणि विचारलं, "खाचर केवढं हाय?" मी म्हटलं, सहा मिनिटांचं. "लहान हाय," ती म्हणाली, आणि ओणवी होऊनच गायली. आता गाण्याखाली तिचं नाव आहे. नावं न घालण्याचा नियम आम्ही मोडीत काढला. मोडताना कुणाशी भांडण झालं नाही, कारण तो पाळायचा होता फक्त मला.

मुंबईच्या महोत्सवाला मावशीला यायचं होतं, पण नेमकी नाचणीची कापणी आली. कार्यक्रमाआधी संयोजक मला म्हणाले, वेळ कमी आहे, गाणं फार सुंदर आहे, फक्त शेवटची दोन कडवी काढा. ती जरा खाजगी वाटतात, लोकांना संदर्भ लागणार नाही. मला बोलणं पटण्यासारखं होतं. ती कडवी निघाली असती तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता. पण मी म्हटलं, काढायची तर गाणंच काढा. आणि शेवटची कडवी गाणार मी असं ठरलं होतं, ते मी बदललं नाही. हॉल भरलेला होता. हौसाचं नाव मी छाती भरून घेतलं. पुढच्या ओळी पण म्हटल्या. लोक हसले, टाळ्या पडल्या. परतताना गाडीत मी सलीमला म्हणालो, आज मी सुटलो बघ. तो हायवेकडे बघत राहिला.

सुरेखाने मोबाईलवर सासूला सगळा कार्यक्रम दाखवला. दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. कापणी चालू होती, मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"बघितलं रे बाबा. मृनाल चांगली गायली. माझं नाव पार मागच्याला ऐकू गेलं असंल."

मी म्हटलं, मावशी, तुमचं नाव आता कुणी गाळत नाही.

"ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर तुझं नाव आलं तितं तू पेटी मोट्यान वाजवलीस आन नाव गिळलंस. फुडल्या येळंला दोनी नावं सारकी ऐकू आली पायजेत. आता म्हन बघू मला फोनवर."

मी इकडेतिकडे बघितलं. शटर उघडं होतं, समोर सलूनवाला वस्तरा हातात घेऊन कान देऊन उभा होता. मी म्हटलं, मावशी, तिसऱ्या कडव्यापासून म्हणू का?

"पयल्यापासनं," ती म्हणाली.